उरलेल्या अन्नाचा विनियोग

काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट व दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. उरलेल्या अन्नाची सोय लावण्याच्या अनेक रीती मराठी स्वयंपाकघरात पूर्वापार रूढ आहेत. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, भाताला फोडणी मिळते, वरण थालिपिठाच्या पिठात मिसळते, दोडक्याच्या शिरांची चटणी होते. या रीतींचे मोल आजही कमी झालेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतील होते.

मात्र काटकसरीलाही मर्यादा असते. काशीच्या उन्हाळ्यात शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यात जिवाणू वाढतात. त्यांपैकी काहींनी निर्माण केलेले विष भात पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही आणि वासावरून ते ओळखता येत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा व दुसऱ्या दिवशी संपवावा. दिवसभर बाहेर राहिलेला भात टाकून देणेच हिताचे. खरी बचत त्याही आधी होते: तांदूळ धुण्यापूर्वी जेवणारी माणसे मोजावीत.