आक्कांचा नवा फोन

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातले डोंगरातले गाव. पाऊस लागला म्हणजे ओढे भरतात, वाटा निसरड्या होतात, घाटात दरड येते. पुष्कळ घरांतली तरणी माणसे मुंबईला कामाला असतात. गणपतीला नि शिमग्याला ती गावी येतात. एरवी घर सांभाळतात ती म्हातारी माणसे. घर आणि मुंबई यांना बांधणारा दोरा म्हणजे फोन.

एका आक्कांच्या घरी तारेचा फोन होता. पण पावसाळा आला की तो मुका होई. कधी झाड पडून तार तुटे, कधी जमिनीतल्या तारेत पाणी शिरे.

२२ जुलै २०२१ चा दिवस या भागात कोणी विसरणार नाही. महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या. वीज गेली, फोन बंद पडले. आक्कांच्या मुलाला मुंबईत तीन दिवस आईचा आवाज ऐकू आला नाही. आई आहे की नाही, हेच त्याला कळेना. तेव्हापासून त्याने मनात धरले होते, की घरात दुसरी काही सोय करायची.

पुढे एका सुट्टीत तो बिनतारी फोन घेऊन आला. दिसायला जुन्यासारखाच. तसाच कानाला लावायचा, तशीच आकड्यांची बटणे. पण भिंतीतून आलेली तार नाही. आत मोबाईलसारखे सिमकार्ड. त्याने तो माजघरात फळीवर ठेवला आणि लावून पाहिला. आवाज नाही!

आक्का मला म्हणाल्या, "गुरुजी, जुना पावसात मुका. ह्यो तर उन्हातच मुका हाय!"

मी म्हटले, "आक्का, दोष फोनचा नाही, जागेचा आहे."

तारेच्या फोनमध्ये आपल्या बोलण्याची वीज होते. ती तांब्याच्या दोन तारांतून टेलिफोन केंद्रात जाते. बिनतारी फोनमध्ये बोलणे रेडिओच्या लहरींवर बसून टॉवरकडे जाते. टेकडीमागे कंदील ठेवला तर त्याचा उजेड आपल्या अंगणात नीट पोचत नाही. या लहरींचेही बरेचसे तसेच. मध्ये डोंगर आला, जाड भिंत आली, की त्या दुबळ्या होतात.

मग आम्ही तिघे फोन हातात घेऊन घरभर फिरलो. फोनच्या काचेवर लहानमोठ्या रेघा दिसतात. रेघा जास्त, तर लहरी चांगल्या. माजघरात एकही रेघ नव्हती. ओटीवर एक आली. पडवीच्या दरीकडल्या कोपऱ्यात तीन आल्या. तिथेच फोनची जागा ठरली. वर पावसाची झड लागू नये म्हणून मुलाने फळी ठोकली.

मुलगा म्हणाला, "आता जुना फोन उद्याच बंद करून टाकू."

मी म्हटले, "घाई करू नको. नवी विहीर गोड आहे की नाही ते पाहिल्याशिवाय जुनी बुजवू नये. महिनाभर दोन्ही राहू देत."

ते बरे झाले. एका रात्री वीज गेली. नवा फोन आतल्या बॅटरीवर चालला, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विझला. जुना मात्र त्या दिवशी चालू होता. असे का? तारेच्या फोनला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातून तारेनेच येते, सुमारे ४८ व्होल्टची. घरातला दिवा गेला तरी त्याला फरक पडत नाही. बिनतारी फोनला मात्र रोज चार्ज करावे लागते. टॉवरलाही वीज लागते. त्याची बॅटरी संपली, जनरेटर थांबला, तर आपला फोन भरलेला असूनही उपयोग नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोणताही फोन दरड थांबवीत नाही. मुसळधार पावसात जमिनीला भेगा पडल्या, झाडे कलली, झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आले, तर निरोपाची वाट पाहत बसू नका. आधी सुरक्षित जागी जा, मग फोन करा. संकटात ११२ लावावा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

आता नंबराची गोष्ट. जुना नंबर नव्या फोनवर आला नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, पण ती मोबाईल नंबरापुरती. म्हणून नवा नंबर सगळ्या नातेवाइकांना, बँकेला आणि दवाखान्यात कळवावा लागला. आणखी एक फरक. १५ जानेवारी २०२१ पासून तारेच्या फोनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावे लागते. सिमकार्डाच्या फोनवर नुसते दहा आकडे पुरतात.

महिना झाला. मग मुलाने जुना फोन बंद करण्याचा अर्ज लेखी दिला. कंपनीचे यंत्र परत केले, अनामत रक्कम मागितली आणि पोच घेतली. तोंडी सांगून भागत नाही. कागद नसेल तर बिल येत राहते.

एक काम मात्र मुलाला करता येण्याजोगे नव्हते. आजवर आक्का नंबर लावायला शेजारच्या पोराला हाक मारीत. या वर्षी त्या आमच्या साक्षरता वर्गाला येऊ लागल्या होत्या. त्यांनी खडू घेतला. फोनशेजारच्या भिंतीवर मुलाचा नंबर स्वतः लिहिला. खाली ११२, त्याखाली १०८. नऊचा आकडा उलटा पडला. तो पुसून पुन्हा काढला.

मुलगा मुंबईला गेल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहत एकेक बटण दाबले. पलीकडून आवाज आला, "कोण लावून दिला गं फोन?"

आक्का म्हणाल्या, "कोन न्हाय. म्या लावला."

पलीकडे थोडा वेळ कोणीच बोलले नाही. फोन मुका झाला नव्हता. मुलाचा गळा भरून आला होता.

सांगा पाहू

१. बिनतारी फोन माजघरात का लागला नाही?
२. वीज गेल्यावर जुना फोन कसा चालला?
३. जुना फोन बंद करताना कोणते कागद जपाल?
४. तुमच्या घरातल्या फोनशेजारी तीन महत्त्वाचे नंबर स्वतःच्या हाताने लिहा.