हाडांतील कारखाना

नारायण पेठेत केसरीवाड्यापासून जवळच माझ्या अब्बांचे बाइंडिंगचे दुकान आहे. दुकानाशेजारी एका जुन्या वाड्यात एक वृद्ध डॉक्टर बसतात. एके दिवशी संध्याकाळी अब्बा मला त्यांच्याकडे घेऊन गेले.

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्याला अस्थिमज्जा द्यावी लागणार होती आणि ती माझी जुळली होती. सख्ख्या भावंडांची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून अम्मीने अल्लाचे आभार मानले. मी मात्र घाबरलो होतो.

"डॉक्टरसाहेब, मज्जा काढल्यावर मी लंगडा होईन का?" मी विचारले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बसवले व विचारले, "तू नल्ली खाल्ली आहेस ना?"

"हो, ताटावर ठोकून खातो."

"त्यातला मगज पिवळसर असतो. ती बहुतेक चरबीच. रक्त तयार करणारी मज्जा लाल असते. मोठ्या माणसाच्या कमरेच्या, छातीच्या आणि पाठीच्या हाडांत ती जास्त असते. तिच्यात थोड्या मूळ पेशी असतात. एक मूळ पेशी दुभंगली, की तिच्यापासून दुसरी मूळ पेशीही होते आणि रक्तातील वेगवेगळ्या पेशीही होतात. म्हणून हा साठा संपत नाही."

"वेगवेगळ्या म्हणजे कोणत्या?"

"एका शाखेतून तांबड्या पेशी होतात. जखमेवर धावून जाऊन जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही तिच्यातूनच. या रक्तात फार दिवस टिकत नाहीत. म्हणून मज्जा रोज अब्जावधी नव्या तयार करते. दुसऱ्या शाखेतून बी आणि टी पेशी होतात. बी पेशी मज्जेतच वाढतात आणि पुढे जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवतात. टी पेशी मात्र लहानपणीच घर सोडतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्यांची परीक्षा होते."

"परीक्षा?"

"फार कडक! आपल्याच शरीरावर हल्ला करणारी पेशी नापास. जी काहीच ओळखत नाही, तीही नापास. शंभरातल्या चार-पाचसुद्धा जेमतेम पास होतात."

आमच्या गणिताच्या गुरुजींपेक्षाही कडक, असे मला वाटले!

मग अब्बांनी विचारले, "हाड कापावे लागते का?"

"मुळीच नाही. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. थोडे दिवस दुखेल, पण काही आठवड्यांत ती पुन्हा भरून येईल. काही वेळा दंडातील रक्तातूनच या पेशी वेगळ्या करतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली भारतातले पहिले मज्जारोपण केले. एका लहान मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली होती."

"पण ती भावाच्या हाडात कशी भरतात?"

"भरत नाहीत. रक्त चढवतात, तशी शिरेतून देतात. मूळ पेशी आपली वाट शोधत हाडात जाऊन बसतात. तुझ्या भावाचा रक्तगट वेगळा असेल, तर काही महिन्यांनी तो तुझ्यासारखा होईल."

घरी येताच मी भावाला सांगितले, "तुझा रक्तगट आता माझाच होणार."

तो उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "मग तुझा गृहपाठही मीच करायचा का?"