मोजावें कीं मापावें?

मराठींत 'पुष्कळ' हा एकच शब्द सर्वत्र चालतो. पुष्कळ आंबे, पुष्कळ पाणी, पुष्कळ दुःख. कोठेंच अडत नाहीं. इंग्रजींत मात्र आधीं विचारावें लागतें, 'हें मोजावयाचें कीं मापावयाचें?'

एक, दोन, तीन असें जें मोजतां येतें त्यास 'मेनी' व 'फ्यू' लावावे. इतरांस 'मच' व 'लिटल'. म्हणून 'मेनी बुक्स', परंतु 'मच वॉटर'. येथें केवळ वस्तूकडे पाहून भागत नाहीं. रुपये मोजतां येतात, म्हणून 'मेनी रुपीज'. पण 'मनी' म्हटलें कीं 'मच'. आपण दोन बातम्या सांगतों, तीन सल्ले देतों. इंग्रजींत 'न्यूज', 'अ‍ॅडव्हाइस', 'फर्निचर' हे शब्द मोजले जात नाहींत. 'टू अ‍ॅडव्हाइसेस' हें अशुद्ध, 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस' हें शुद्ध. यास्तव नवा शब्द शिकतांना त्याची ही जातही पाठ करावी.

आतां एका अक्षराचा प्रताप पाहा. 'देअर इज लिटल होप' म्हणजे आशा जवळजवळ नाहीं. 'देअर इज अ लिटल होप' म्हणजे थोडी तरी आशा आहे. आजाऱ्याविषयीं पत्र लिहितांना हा 'अ' गळला, तर वाचणाऱ्या घरांत विनाकारण रडारड व्हावयाची! 'फ्यू' व 'अ फ्यू' यांतही हाच भेद आहे.

'कमी' या अर्थीं मोजण्याच्या वस्तूंस 'फ्यूअर' व मापाच्या वस्तूंस 'लेस' वापरावा, असें व्याकरण सांगतें. ही आवड रॉबर्ट बेकर यानें १७७० सालीं ग्रंथांत नमूद केली. पुढें तिचा नियम झाला. तथापि नवव्या शतकांतील आल्फ्रेड राजाच्या काळच्या लेखनांतही मोजण्याच्या शब्दांबरोबर 'लेस' आढळतो. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. २००८ सालीं टेस्को या इंग्लंडांतील दुकानसंस्थेनें 'टेन आयटेम्स ऑर लेस' ही पाटी बदलून 'अप टु टेन आयटेम्स' अशी करण्याचें ठरविलें. अंतर, काल व रक्कम हीं मात्र अंकांनीं सांगितलीं तरी एकच परिमाण मानतात; म्हणून 'लेस दॅन टेन माइल्स' हेंच योग्य. परीक्षेंत हा भेद अवश्य पाळावा.

पालकांस एक विनंति. जेवतांना मुलांस विचारावें, 'पोळ्यांस मेनी कीं मच? भातास काय?' शितें मोजतां येतात, तरी 'राइस' यास 'मच'च लागतो. हें ज्यास उमगलें, त्यास हा धडा समजला.