गॅरेजमधली परिभाषा

रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजपाशी दहा मिनिटे उभे राहिलात, तर 'मेन पाटा तुटलाय', 'शॉकअप गेलेत', 'ब्रेकने हवा धरली' अशी वाक्ये तुमच्या कानी पडतील. मोटारीवरील पुस्तकांत यांतले फार थोडे शब्द सापडतात. म्हणून ते अशुद्ध समजून सोडून द्यावेत काय? यांपैकी काहींत पदार्थविज्ञान दडलेले आहे, काहींत इतिहास आहे. आणि एखादा शब्द मात्र चांगलाच फसवा आहे.

प्रथम 'कमानपाटा' घेऊ. मालमोटारीच्या चाकाजवळ पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चळत दिसते. यातली प्रत्येक पट्टी म्हणजे पाटा. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या वळवलेल्या टोकांनी ही कमान चासीला जोडलेली असते. इंग्रजीत हिला 'पानांची स्प्रिंग' अशा अर्थाचे नाव आहे, पण आपल्या कारागिरांचा शब्द मला अधिक नेमका वाटतो. वाकवणारा जोर कमानीच्या मध्यभागी सर्वाधिक असतो. म्हणून पाट्यांची संख्या तेथे जास्त आणि टोकांकडे कमी ठेवलेली असते. पुढच्या वेळी ट्रक उभा दिसला की हे पाहून घ्या.

'शॉकअप' हे 'शॉक ॲब्सॉर्बर'चे झिजलेले रूप. मूळ शब्दाचा अर्थ धक्का शोषणारा; परंतु खड्ड्याचा धक्का प्रथम घेते ती स्प्रिंग किंवा कमान. तिला मोकळे सोडले, तर गाडी बराच वेळ वरखाली होत राहील. हे हेलकावे थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते तेल रेटले जाते. त्यामुळे हेलकाव्यांच्या ऊर्जेची उष्णता होते. मालकाच्या परवानगीने उभ्या मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. तो वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक. डुलत राहिला तर शॉकअप गेले.

काही शब्द वस्तू बदलली तरी टिकून राहतात. सुरुवातीच्या मोटारींत जादा चाक नसे. १९०४ साली वेल्समधील लानेली गावी, स्टेपनी रस्त्यावरील एका दुकानात, पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूने अडकवायची हवा भरलेली धाव तयार झाली. ती केव्हाच मागे पडली, पण आपल्याकडे जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतात ते तिच्यावरूनच. 'डायनॅमो'चेही तसेच. आजच्या गाड्यांत अल्टरनेटर असतो; तो प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि डायोड ती एकदिश करतात. मेकॅनिक मात्र त्यालाही डायनॅमोच म्हणतो. त्याने काही बिघडत नाही.

आता ब्रेककडे वळू. (मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, येथे मोटारींचा विचार करू.) पेडल दाबले की बंद नळ्यांतील द्रव तो दाब चारही चाकांपर्यंत पोचवतो. हा पास्कलचा नियम. द्रव जवळजवळ आकुंचन पावत नाही, म्हणून हे साधते. सुई नसलेली पिचकारी पाण्याने भरा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलणार नाही. आत थोडी हवा ठेवून पुन्हा दाबा. दट्ट्या स्पंजासारखा आत जाईल. 'हवा धरली' म्हणजे नेमके हेच: पेडल आत जाते, पण पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो.

याच द्रवाला सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, आणि फसवा शब्द तो हा. बहुतेक मोटारींत हा द्रव तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा बनलेला असतो. ऑइल म्हणतात म्हणून त्याच्या टाकीत कोणी इंजिनचे ऑइल ओतले, तर आतील रबरी वायसर फुगतात, खराब होतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. खरा ब्रेक द्रव हवेतील बाष्पही शोषतो. पाणी मिसळल्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. घाटाच्या लांब उतारावर तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पुन्हा स्पंजासारखे लागते. म्हणून तो ठराविक काळाने बदलतात. कोणता द्रव घालायचा ते, 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे, बहुधा टाकीच्या झाकणावरच लिहिलेले असते.