पावसाळ्यात घोड्याच्या पायाची जखम

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. पातळ, ताणलेली कातडी आणि तिच्याखाली लगेच कंडरा, सांधे व हाड. तिथला रक्तपुरवठाही तोकडा असतो. त्यामुळे छातीवरची किंवा मांडीवरची हातभर जखम जितक्या लवकर भरते, तितक्या लवकर नळीवरची चार बोटांची जखम भरत नाही. शरीराच्या वरच्या भागात नवी कातडी दिवसाला साधारण 0.2 मिलिमीटर पुढे सरकते, तर पायाच्या खालच्या भागात जेमतेम 0.1 मिलिमीटर. जखम आक्रसण्याचे कामही तिथे मंद चालते. 4 सेंटिमीटर रुंदीची उघडी जखम केवळ कातडीच्या वाढीवर सोडली, तर सहा महिने सहज जातात. पायाला गंभीर इजा झालेल्या घोड्याची शुश्रूषा करताना हा हिशेब आधी मनाशी पक्का करावा लागतो.

नागपूरजवळच्या सावनेर परिसरात हा प्रश्न पावसाळ्यात अधिक भेडसावतो. आषाढी एकादशीनंतर लग्नांचे मुहूर्त थांबतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत वरातीचे घोडे रिकामे असतात. मोकळा घोडा चरायला सोडला जातो. रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक वाचवण्यासाठी संत्र्याच्या बागांना व कपाशीला काटेरी तारेचे कुंपण असते, आणि श्रावणात गवत वाढले की खालची तार दिसेनाशी होते. दुसरे कारण घरचेच आहे. पिछाडीचा नायलॉन दोर खुराच्या वर घट्ट बांधलेला असेल आणि घोडा रात्री बिचकला, तर दोर कातडी कापून थेट आत शिरतो. दोराची अशी जखम बाहेरून लहान दिसते, पण खोल असते. पिछाडी बांधायचीच असेल तर खुरावर रुंद, मऊ पट्टा असावा आणि त्या पट्ट्याला दोर बांधावा.

तारेत अडकलेला घोडा ओढाताण करतो आणि जखमेचे खरे नुकसान तेव्हाच होते. आधी एकाने तोंड धरून डोळ्यांवर गोणपाट किंवा शर्ट टाकावा, दुसऱ्याने पायाच्या दोन्ही बाजूंची तार कापावी. पाय तारेतून खेचून काढू नये. रक्त उसळत असेल तर स्वच्छ फडक्याची जाड घडी जखमेवर ठेवून दहा ते पंधरा मिनिटे सलग दाबून धरावी. दर मिनिटाला उचलून पाहिले की गुठळी सुटते. वरून सुतळी आवळून बांधणे टाळावे, कारण खालचा भागच मरू शकतो. खुरात खिळा रुतला असेल आणि डॉक्टर लवकर येणार असतील, तर खिळा तसाच ठेवावा व तो आणखी आत जाणार नाही असा आधार द्यावा. खिळ्याची दिशा आणि खोली पाहूनच आतल्या सांध्याला इजा झाली आहे का ते ठरते.

रक्त थांबल्यावर धुणे. इथे हात आखडता घेऊ नये. घाण लागलेली ताजी जखम नळाच्या किंवा विहिरीच्या स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने बराच वेळ धुवावी, मग उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा, घालून त्या पाण्याने. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर 10 टक्क्यांच्या औषधाचे 10 मिलिलिटर एक लिटर पाण्यात पुरते. रंग फिकट चहासारखा आला की झाले, गडद द्रावण नव्या पेशी जाळते. हळद-चुना, जळके ऑइल, डिझेल, फिनाईल, मोरचूद आणि बॅटरीचे पाणी यांपैकी काहीही लावू नये. गावात यातले प्रत्येक औषध सांगणारा कुणीतरी भेटतोच, आणि त्याने एखादा बैल बराही झालेला असतो. बैलाच्या जखमा मुळात बऱ्या भरतात, घोड्याच्या पायाला ते गणित लागू होत नाही.

पहिल्या सहा-आठ तासांत पशुवैद्यक येणे फार महत्त्वाचे. टाके घालण्याजोगी जखम याच वेळात टाके धरते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. क्ष-किरण तपासणी किंवा शस्त्रक्रिया लागली, तर नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सावनेरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. हे महाविद्यालय 1958 चे. काही लक्षणांवर मात्र थांबायला वेळच नसतो. जखम सांध्याजवळ असून तीतून पिवळसर, बोटांना चिकटणारे, तार सुटणारे पाणी येत असेल, तर सांधा उघडा पडला आहे. पाय टेकवल्यावर खुराचे टोक वर उचलले जात असेल किंवा खुरावरचा सांधा खाली खचत असेल, तर कंडरा तुटली आहे. तेव्हा लाकडी पट्ट्यांचा आधार बांधूनच घोडा गाडीत चढवावा.

धनुर्वाताची लस प्रत्येक जखमेत आवश्यक आहे, जखम कितीही लहान असो. या रोगाला घोड्याइतके बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर नाही, आणि त्याचे जंतू लिदीत व मातीत असतातच. आधी लस झालेली नसेल तर डॉक्टर लसीबरोबर प्रतिविषही देतात. वेदनाशामकाची निवड डॉक्टरांवरच सोपवावी. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी 2006 पासून, तर किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर 2023 पासून बंदी आहे, कारण औषध दिलेले जनावर मेल्यावर ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. शिवाय वेदना पूर्ण दाबली की घोडा दुखऱ्या पायावर नको तितका भार टाकतो.

पट्टी हे शुश्रूषेतले रोजचे काम नसले तरी सर्वांत नाजूक काम आहे. जखमेवर न चिकटणारी जाळी, त्यावर कापसाचा जाड, सारखा थर, आणि त्यावर क्रेप पट्टी, खुरापासून वर गुंडाळत नेलेली. कापूस कमी आणि पट्टी घट्ट, ही नेहमीची चूक; तिच्यामुळे कंडरेवर वळ उठून नवीनच दुखणे उभे राहते. सुरुवातीला पट्टी एक-दोन दिवसांनी व पुढे तीन-चार दिवसांनी बदलावी. वास आला, पट्टी भिजली, पट्टीच्या वर सूज आली किंवा घोडा ती चावू लागला, तर वेळेची वाट न पाहता सोडावी. चांगल्या पायालाही आधाराची पट्टी बांधावी. त्या पायावर दुप्पट भार येतो. त्याचे खूर गरम लागू लागले, खुरामागची नाडी जोरात उडू लागली आणि घोडा पाय आळीपाळीने उचलू लागला, तर खुराच्या आतल्या थरांना सूज येत आहे. जखम बरी होत असताना अनेक घोडे याच दुखण्याने कामातून जातात.

काळ्या जमिनीचा चिखल या सगळ्यावर पाणी फिरवतो. तबेल्याची जमीन उंच, निचऱ्याची असावी आणि वर वाळू किंवा तणसाचा वीतभर कोरडा थर असावा. लीद दिवसातून दोनदा काढून दूर खड्ड्यात टाकून झाकावी, कारण माश्या तिथेच वाढतात. उघड्या जखमेत अळ्या पडल्या तर त्या चिमट्याने काढून डॉक्टरांकडून औषध घ्यावे. टर्पेंटाइनचा बोळा भरून दिवसेंदिवस ठेवल्यास अळ्यांबरोबर चांगले मांसही मरते. तापमान सकाळी एकदा मोजून लिहून ठेवावे: 99.5 ते 101.5 फॅरनहाइट ही निरोगी घोड्याची मर्यादा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जखमेत गुलाबी, दाणेदार मांस भरू लागते. कातडीच्या पातळीपर्यंत ते हवेच. पण पायावर ते तिथे थांबत नाही आणि फुलून बाहेर येते. मग कडेची नवी कातडी त्यावर चढू शकत नाही. त्यात नसा नसल्याने डॉक्टर ते पातळीवर छाटतात तेव्हा घोड्याला दुखत नाही, रक्त मात्र भरपूर येते. मोरचूद लावून ते जाळण्याचा घरगुती उपाय कातडीची कोवळी कडही जाळतो. जखम वरून भरून पुन्हा फुटत राहिली, तर आत मेलेल्या हाडाचा तुकडा असण्याची शक्यता असते, आणि ते क्ष-किरणातच दिसते. इजा झालेली नसताना पायावर ओळीने गाठी येऊन फुटत असतील, तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसांनाही होतो आणि 2006 मध्ये महाराष्ट्रात त्याचा उद्रेक झाला होता. अशा घोड्याला वेगळे बांधून पशुसंवर्धन विभागाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

बसून असलेल्या घोड्याचा हरभरा आणि चंदी निम्म्याहून कमी करावी, भर कोरड्या कडब्यावर व गवतावर ठेवावा. बुरशी आलेले कुटार पोटशूळ आणते, आणि पावसाळ्यात कुटाराला बुरशी येतेच.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट, कठीण जमिनीवर हाताने धरून पाच-दहा मिनिटे चालवण्यापासून सुरुवात करावी आणि ती वेळ आठवड्याला थोडी वाढवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सुजलेला दिसला तर आधीच्या आठवड्याच्या वेळेवर परत यावे. दुडकी त्यानंतर, स्वार आणखी उशिरा. वरातीत मागच्या पायांवर नाचवण्याचा ताण थेट खुरावरच्या सांध्यावर येतो, म्हणून तिथे खोल जखम झालेला घोडा पुन्हा नाचवूच नये. कार्तिकात पहिला मुहूर्त आला म्हणून व्रण कोवळा असताना त्याला वरातीत नेणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरते. अशा वेळी घेतलेली सुपारी दुसऱ्या घोडेवाल्याकडे वळवावी.