लाल बटण

कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरला उगम पावतात. पुढे त्या वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला पुन्हा एकमेकींना भेटतात. तेथून कृष्णा सांगलीकडे येते. म्हणून पावसाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडले, की सांगलीच्या लोकांचे लक्ष आयर्विन पुलाकडे लागते. त्या पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेले, की धोका समजावा. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले होते.

साताऱ्याकडचे पाणी सांगलीला पोहोचायला वेळ लागतो. निरोप मात्र त्याच्या आधी पोहोचला पाहिजे. पण पुरात वीज जाते आणि काही वेळाने मोबाईलचे मनोरेही मुके होतात. अशा वेळी बिनतारी संच उपयोगी पडतो. पोलिसांच्या हातात तुम्ही तो पाहिला असेल. सगळे त्याला वॉकी-टॉकी म्हणतात.

माझे मामू मिरजेत रेडिओ दुरुस्त करीत असत. मिरज हे सतारी आणि तंबोरे बनवणारांचे गाव. शेजारच्या दुकानांत दिवसभर तारा जुळवणे चाले आणि आमच्या दुकानात बिनतारीची दुरुस्ती! २००५ च्या महापुरानंतर, पुढच्या उन्हाळ्यात, एका संस्थेची मोठी मदतगाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. पुढे चालक बसे, मागे दोर आणि टायरच्या ट्यूब घेऊन चार माणसे. इंजिनाचा आवाज इतका, की पुढचे मागच्याला ऐकू येत नसे. म्हणून गाडीत इंटरकॉम बसवला होता. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, तोंडाजवळ माइक आणि मध्ये एक लोखंडी डबा. गाडीतले सगळे एकमेकांशी बोलू शकत. बाहेरच्या जगाशी मात्र नाही. त्यासाठी चालकाजवळ वॉकी-टॉकी होता. तो वाजला तरी इंजिनाच्या घरघरीत कोणालाच कळत नसे.

“हे दोन्ही जोडून द्या,” गाडीवाले म्हणाले.

“मामू, त्यात काय अवघड आहे? दोन वायरी जोडल्या की झाले!” मी म्हणालो.

मामू हसले. “बेटा, आधी ऐकून बघ.”

त्यांनी खरोखरच वायरी जोडल्या. हेडफोनमधून असा कर्कश आवाज आला, की मी तो कानावरून ओढून काढला. वॉकी-टॉकीचा आवाज त्याचा स्वतःचा स्पीकर हलवण्याइतका जोरदार असतो, पण इंटरकॉमला माइकमधून येणाऱ्या अगदी बारीक आवाजाची सवय. लहान मुलाच्या कानात नगारा वाजवावा, तसे ते झाले. उलट दिशेलाही तीच अडचण. मामूंनी मध्ये रोधक घालून आवाज उतरवला. तरी एक किणकिण उरलीच. इंजिन जोरात फिरले, की तीही चढे. गाडीच्या विजेची ती कुरकुर होती. त्यावर मामूंनी बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यात तारेची दोन वेटोळी शेजारी असतात, पण एकमेकांना चिकटलेली नसतात. आवाज एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जातो. गाडीची वीज मात्र वायरीतून वाट शोधत येते, तिला तेथे वाटच मिळत नाही. किणकिण थांबली.

गाडीचे छप्पर लोखंडी होते. लोखंडाच्या पेटीत बसून बिनतारी बोलणे म्हणजे रांजणात तोंड घालून हाक मारण्यासारखे. म्हणून छपरावर अर्ध्या मीटरची काठी, म्हणजे अँटेना, उभी केली. अर्धाच मीटर का, असे मी विचारले. त्या संचाच्या लहरी साधारण दोन मीटर लांबीच्या होत्या, आणि लहरीच्या पाव भागाएवढी काठी चांगली चालते. हे गणित मला शाळेतल्या कुठल्याही गणितापेक्षा लवकर समजले.

आता राहिले बोलणे. वॉकी-टॉकीवर बटण दाबून बोलायचे आणि सोडून ऐकायचे. इंटरकॉमवर बटण नव्हते. गाडीतल्यांचे हात दोर धरण्यात गुंतलेले असणार, म्हणून मामूंनी एक युक्ती केली. कोणी बोलू लागले, की संच आपोआप बोलण्यावर जाईल, अशी जोडणी केली.

गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली. मी दुसरा वॉकी-टॉकी घेऊन दुकानात बसलो. थोड्याच वेळात घरघर सुरू झाली. ती थांबेचना. संचाला माणसाचा आवाज आणि इंजिनाचा आवाज यांतला फरक कळत नव्हता. मध्येच चालकाचा आवाज आला. डब्यात रोज कारल्याचीच भाजी असते, अशी तक्रार तो करीत होता. मला हसू आवरेना. मी बटण दाबून ओरडलो, “मामू, सगळे ऐकू येते आहे!” उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. कसे ऐकणार? असा संच बोलत असताना ऐकू शकत नाही. आणि तो बोलत आहे तोवर त्या वाहिनीवर इतरांचे बोलणेही दबून जाते.

दहा मिनिटांनी गाडी परत आली. मी हसत हसत कारल्याची गोष्ट सांगितली. चालकही हसला. मामू हसले नाहीत.

“या दहा मिनिटांत पूर असता,” ते म्हणाले, “आणि कोणी छपरावरून बोलावले असते, तर?”

नंतर त्यांनी मला एका जुन्या पुस्तकातले चित्र दाखवले. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांमध्ये ‘एकोणीस नंबर’चा बिनतारी संच असे. दूरचे बोलणे, जवळच्या रणगाड्यांशी बोलणे आणि आतल्या माणसांचे आपापसांतले बोलणे, ही तिन्ही कामे तो एकच संच करी. माणसापुढे एक फिरवायची कळ असे. आत बोलायचे की बाहेर, हे ती कळ ठरवी. रशियाला पाठवलेल्या काही संचांवर तर इंग्रजी आणि रशियन अशा दोन लिप्यांत नावे होती. आमच्या उर्दू शाळेच्या पाटीसारखी!

मामूंनी ती आपोआप चालणारी जोडणी काढून टाकली. डब्यावर एक मोठे लाल बटण बसवले. ओल्या हातानेही दाबता यावे, एवढे मोठे. बटण सोडलेले असेल, तर बाहेरचा निरोप सर्वांच्या कानांत येई आणि गाडीतले बोलणे गाडीतच राही. दाबले, की गाडीचा आवाज बाहेर जाई.

दुसऱ्या दिवशी गाडी दंडोबाच्या डोंगराकडे गेली. चढावर इंजिन घरघरत असले पाहिजे, पण माझ्या संचावर शांतता होती. मग खट् असा आवाज झाला आणि घरघरीवर मामूंचा शब्द उमटला, “बेटा, ऐकू येते का? ओव्हर.”

मी उत्तर दिले. पलीकडून लगेच चालक म्हणाला, “आज भेंडी आहे. ओव्हर.”