दोन मित्र, एक वाट

एका बैलाने औत चालत नाही. जुवाला दोन माना लागतात. चांगले शिकण्याचेही तसेच आहे. एकटा माणूस चार दिवस शिकतो, पाचव्या दिवशी कंटाळतो. सोबती असला, तर तो दारात येऊन विचारतो, "का रे, आज आला नाहीस?"

बुद्धाच्या धम्मात अशा सोबत्याला कल्याणमित्र म्हणतात. दुसऱ्याचे भले व्हावे असे ज्याला मनापासून वाटते, तो कल्याणमित्र. अशा दोन मित्रांची ही गोष्ट.

गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची. मगध देशात राजगृह नावाचे नगर होते. आज त्याला राजगीर म्हणतात. ते बिहारमध्ये आहे. त्याच्या जवळच्या दोन खेड्यांत दोन मुले वाढली. एकाचे नाव उपतिस्स, दुसऱ्याचे कोलित. लहानपणापासून दोघांची गट्टी.

एकदा दोघे जत्रेला गेले. खेळ रंगले होते. लोक हसत होते. पण या दोघांच्या मनात आले, 'शंभर वर्षांनी यातला एकही माणूस उरणार नाही. मग दुःखातून सुटायची वाट शोधायला नको का?' दोघांनी घर सोडले. एका गुरूपाशी राहिले. गुरूला येत होते ते सारे शिकले. तरी समाधान झाले नाही. मग त्यांनी एकमेकांना वचन दिले. ज्याला आधी वाट सापडेल, त्याने दुसऱ्याला सांगायची.

एके सकाळी उपतिस्साला रस्त्यात एक भिक्खू दिसला. त्याचे नाव अस्सजी. तो भिक्षा मागत होता. चालणे शांत, नजर खाली, चेहरा प्रसन्न. उपतिस्साला वाटले, 'याला काहीतरी गवसलं आहे.' पण भिक्षेच्या वेळी अडवणे बरे नव्हे. तो मागोमाग गेला आणि थांबून राहिला. मग त्याने विचारले, "आपले गुरू कोण? ते काय शिकवतात?"

अस्सजी म्हणाला, "मी नवा आहे. सगळं सांगता येणार नाही. थोडक्यात सांगतो."

खरे तर अस्सजी हा बुद्धांच्या पहिल्या पाच शिष्यांपैकी एक. पण त्याने बढाई मारली नाही. 'मला काय कळतं' म्हणून तोंडही मिटले नाही. जेवढे ठाऊक होते, तेवढे सांगितले. जे घडते त्याला कारण असते. ते कारण बुद्धांनी दाखवले आहे. ते कसे थांबते, हेही दाखवले आहे. एवढेच तो बोलला. उपतिस्साला तेवढे पुरले.

बुद्ध जवळच वेळुवनात होते. उपतिस्स एकटाच तिकडे जाऊ शकला असता. पण तो आधी कोलिताकडे गेला. त्याचा चेहरा बघताच कोलित म्हणाला, "सापडली वाटतं!" मग दोघे मिळून बुद्धांकडे गेले.

हेच दोघे पुढे सारिपुत्त आणि मोग्गल्लान म्हणून प्रसिद्ध झाले. ते बुद्धांचे दोन मुख्य शिष्य. १८५१ साली सांचीच्या एका स्तूपात दोघांच्या अस्थी शेजारी शेजारी सापडल्या. त्या इंग्लंडला नेल्या होत्या. त्या परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या.

पण खरा मित्र ओळखावा कसा? सिगाल नावाच्या तरुणाला बुद्धांनी हे समजावून दिले. जो फक्त घेतो, जो नुसते गोड बोलतो, जो तोंडावर स्तुती करून मागे निंदा करतो, जो दारूच्या आणि जुगाराच्या वाटेला नेतो, तो मित्र नव्हे. जो अडचणीला धावतो, सुखदुःखात सारखा राहतो, चुकले तर सांगतो, आपले दुःख आपले मानतो, तो मित्र.

एकदा आनंद बुद्धांना म्हणाला, की चांगले मित्र म्हणजे निम्मा धम्म. बुद्धांनी त्याला थांबवले. निम्मा नव्हे, चांगली मैत्री हाच सगळा धम्म, असे सांगितले.

आता आपल्याकडे पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. लाखो लोक सोबत होते. पण दीक्षेनंतर माणसे आपापल्या गावी परतली. तिथे एकमेकांना धरून शिकायचे होते. म्हणून वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, कितीतरी विहारांत लोक जमतात. एक जण बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचतो. बाकीचे ऐकतात.

तुम्हाला आता वाचता येते. शेजारच्या आजीला येत नाही. तिच्या ओट्यावर बसा. एक पान मोठ्याने वाचा. एखादा शब्द अडला तर 'अडला' म्हणा, लाजू नका. दुसऱ्या आळीतला कोणी ऐकायला आला, तर सरकून जागा द्या. जात विचारू नका. आजी काही विचारील. उत्तर येत नसले, तर अस्सजीसारखे म्हणा, "मी नवा आहे. जेवढं कळलं, तेवढं सांगतो."

सांगा पाहू :
१. उपतिस्स आधी कोलिताकडे का गेला?
२. अस्सजीचा कोणता गुण तुम्हाला आवडला?
३. तुमचे चुकले तर सांगणारा मित्र कोण? तुम्ही कोणाचे असे मित्र आहात?